खोक्यांची खोली

दुबईत घरं भाड्याने लावून द्यायचं काम मी बरीच वर्षं केलं. त्या कामाने मला एक खोड लावली. कुणाच्याही घरी जेवायला गेले तरी माझी नजर आधी कपाटाच्या वर जाते. तिथे टीव्हीचं एकच खोकं दिसलं तर माणसं नवी आहेत. टीव्ही, मिक्सर, व्हीसीआर, इस्त्री, टोस्टर अशी उतरंड छताला टेकली असेल, तर जोडपं दहा-बारा वर्षं तरी इथे आहे आणि तेवढी सगळी वर्षं "आता अजून दोनच वर्षं, मग परत" असं म्हणत आहे. एवढं समजलं की मी निवांत जेवते.

हे खोक्यांचं प्रकरण जरा समजावून सांगायला हवं. नव्वदच्या दशकात अल मनखूल या आमच्या वस्तीत राहणारा एकही मराठी माणूस दुबईत राहायला आलेला नव्हता. सगळे परत जायला आलेले होते. नोकरी आहे तोवर व्हिसा आणि व्हिसा आहे तोवर घर. परदेशी माणसाला घर विकत घ्यायची तेव्हा सोयच नव्हती. त्यामुळे जी वस्तू घ्यायची ती एक दिवस कार्गोने गावाकडे जाणार, हे धरूनच घ्यायची. दुकानातून टीव्ही आला की घरातला कर्ता पुरुष ब्लेडने चिकटपट्टी इतकी हळुवार कापायचा की वाटावं, आत तान्हं बाळ झोपलंय. टीव्ही बाहेर आणि खोकं जसंच्या तसं कपाटावर. आत थर्माकोल, प्लास्टिकची पिशवी आणि 'खाऊ नये' असं लिहिलेली ती दाण्यांची पुडीसुद्धा. मल्याळी, गुजराती, सिंधी, सगळेच खोकी ठेवायचे. पुडी जपून ठेवणारे मात्र फक्त आपले.

माझा नवरा या पंथातला कट्टर. तो शारजाच्या औद्योगिक भागात अॅल्युमिनियमच्या खिडक्या बनवणाऱ्या एका कारखान्यात इंजिनियर होता. "ओरिजिनल खोकं नसेल तर कार्गोवाला फुटतुटीची हमी देत नाही," हे वाक्य तो पाहुण्यांना चहाबरोबर द्यायचा. आमचा पहिला टीव्ही बिघडला, तो गेला, दुसरा आला. दुसऱ्याचं खोकं कपाटावर चढलं, पण पहिल्याचं उतरलं नाही. फ्रिजचंही तेच. जुना फ्रिज एका ड्रायव्हरला देऊन टाकला आणि त्याचं खोकं बेडरूमच्या कोपऱ्यात तसंच उभं राहिलं.

"अहो, फ्रिज गेला. आता खोकं कशाला?" मी विचारलं.

"त्यात चादरी जातील."

"कुठे जातील?"

"सांगलीला," तो म्हणाला.

सांगलीत विश्रामबागला आमचा एक प्लॉट होता. त्यावर घर बांधायचं, मग परत जायचं, असा बेत लग्नाच्या पत्रिकेआधीपासून पक्का होता. घर पाहावं बांधून म्हणतात. आम्ही ते रोज जेवताना बांधायचो आणि हात धुताना पाडायचो, कारण जिना आतून की बाहेरून यावर आमचं कधी जमलं नाही.

तोवर राहायला मनखूलमधला एक बेडरूमचा फ्लॅट होता. बेडरूममध्ये आम्ही दोघं आणि खोकी. हॉलमध्ये सोफा-कम-बेड आणि त्यावर आमची मुलगी. ती लहान होती तेव्हा त्या फ्रिजच्या खोक्यात घर-घर खेळायची. आत उशी, दोन बाहुल्या आणि एक बॅटरी. तिच्या बापाने तिला तिथून बाहेर काढलं, कारण खोक्याच्या घड्या मोडत होत्या. मी पुढे शेकडो कुटुंबांना दुबईत जागा मिळवून दिली, पण माझ्या मुलीला तिच्या पहिल्या जागेतून तिच्या बापानेच हुसकावलं.

मी या धंद्यात शिरले ती पाहुण्यांच्या एका अडचणीमुळे. नवऱ्याचा एक मित्र बायकोला घेऊन येणार होता, त्यांच्यासाठी घर बघायला मीही गेले. घर बघायला आलेल्या बायका परक्या पुरुषासमोर संडासाचं दार उघडून आत डोकावायला लाजायच्या, आणि तेवढं बघितल्याशिवाय घराला हो म्हणायला त्यांचं मन धजायचं नाही. एजंट पुरुष. तो दाराशी उभा, बाई हॉलमध्ये उभी आणि व्यवहार दोघांच्या मध्ये अडकलेला. मी सरळ त्या बाईला हाताला धरून आत नेलं, फ्लश ओढून दाखवला, नळ सोडून दाखवले आणि फ्लॅट अर्ध्या तासात गेला. भाड्याचं काम बघणाऱ्या ऑफिसच्या मल्याळी मॅनेजरने ते बघितलं. "मॅडम, आप काम करेगा?" त्याने विचारलं. मी करेगा म्हटलं.

त्या ऑफिसकडच्या इमारतींचा मालक म्हातारा अरब होता. त्याचं हिंदी माझ्यापेक्षा चांगलं होतं. मला नोकरीवर घेताना तो एवढंच म्हणाला, "फॅमिली लाओ, बॅचलर नहीं. झगडा नहीं. खलास." तेवढ्यावर मी कामाला लागले.

बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही विकलं जात नाही, हे मला आईने शिकवलं होतं. दुबईत ते कामी आलं. काळोखी खोली असेल तर मी म्हणायचे, "ही उन्हाळ्यात थंड राहते." स्वयंपाकघर अरुंद असेल तर, "उभ्या उभ्या सगळं हाताशी." खाली दिवसभर गाड्यांचा गोंगाट असेल तर, "टॅक्सी अगदी दारात." बायका आधी ओटा बघायच्या, मग देवघराला पूर्वेची भिंत शोधायच्या, मग बाल्कनीत पापड किती वाळतील याचा अंदाज घ्यायच्या. नवरे भिंतीवर टकटक करून उगाच मान हलवायचे. आणि निघताना दाराशी, आवाज खाली आणून, सगळे एकच गोष्ट विचारायचे.

"खोकी कुठे ठेवायची?"

दुबईच्या घरांना माळा नसतो. ज्याने त्या इमारती बांधल्या त्याला आपल्या लोकांच्या माळ्याची महती कुणी सांगितलीच नव्हती.

आता मूळ गोष्टीकडे येते. माझी मुलगी सातवीत गेली आणि तिचं हॉलमध्ये राहणं अवघड होऊन बसलं. शुक्रवारची सुट्टी, म्हणून गुरुवारी संध्याकाळी आमच्याकडे चार घरचे लोक जमायचे. शारजात क्रिकेटची मॅच असली की आठ घरचे. माणसं हसत, ओरडत, चकल्या खात बसलेली आणि ही पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात फ्रिजला टेकून उभी. झोप आली तरी पाहुणे उठल्याशिवाय तिला आडवं होता यायचं नाही. कपडे बदलायला बाथरूम आणि रडायलाही बाथरूमच. एकदा सगळे गेल्यावर तिने गादीवरचे चकलीचे तुकडे झाडता झाडता मला विचारलं, "आई, व्हाय डू ऑल द अंकल्स सिट ऑन माय बेड?"

दिवसभर मी लोकांना खोल्या दाखवत हिंडत होते, आणि माझ्या पोरीला दार लावून घ्यायला एक खोली नव्हती. मला फार लाज वाटली. त्या क्षणी मी ठरवलं की दोन बेडरूमचं घर घ्यायचंच.

नवऱ्याला सांगितलं. त्याने भाडं ऐकून हातातला घास ताटात ठेवला. "छत्तीस हजार दिरहम! म्हणजे साडेतीन लाख रुपये! वर्षाला! आणि ते कशासाठी, दोन वर्षांसाठी?"

"तुमची दोन वर्षं तुम्ही विमानतळावर उतरलात तेव्हा सुरू झालीत."

"या खेपेला नक्की आहे."

"जिना आतून की बाहेरून ते तरी नक्की आहे का?"

मग तो जिन्यावर घसरला आणि मूळ विषय तिथेच पडून राहिला.

आणि नेमका त्याच आठवड्यात आमच्या मागच्या गल्लीतल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट रिकामा झाला. आधीच्या भाडेकरूची मस्कतला बदली झाली होती. दोन बेडरूम, एक छोटं स्टोअर. दुसरी बेडरूम लहानशी होती, पण तिला मोठी खिडकी होती आणि खिडकीत रस्त्यावरच्या कडुनिंबाचा शेंडा. मी किल्ली घेऊन एकटीच गेले आणि त्या लहान खोलीत दार लावून घेऊन उभी राहिले. पलंग इकडे, टेबल खिडकीशी, असं मनातल्या मनात मांडूनही टाकलं.

मॅनेजरला म्हटलं, "ये मेरे लिए रखो."

"शनिवार सुबह जो पहले चेक लाएगा, फ्लॅट उसका," तो म्हणाला. "तब तक सबको दिखाने का. आप भी, बाकी भी. मालिक पूछेगा तो मैं क्या बोलूँ?"

चेकबुक नवऱ्याचं आणि नवरा शुक्रवारखेरीज मोकळा नव्हता. तो दिवस होता रविवार. म्हणजे शुक्रवारपर्यंत मला तो फ्लॅट येईल त्याला दाखवायचाही होता आणि जाऊ द्यायचाही नव्हता. खोटं बोलून एखाद्याला हाकलणं माझ्या स्वभावात नाही. म्हणून मी या धंद्यात कधी न केलेली गोष्ट केली. मी खरं बोलायला लागले.

पहिले आले मीना बाजारातले एक गुजराती कापडवाले. मी दार उघडतानाच सांगितलं, "लिफ्ट महिन्यातून चार दिवस बंद असते. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली शावरमावाला आहे, धूर सगळा वर येतो. झुरळं आहेत, औषध मारलं की ती शेजारी जातात आणि शेजाऱ्यांनी मारलं की इकडे येतात. बेडरूमचा एसी रात्रभर घोरतो." ते शांतपणे ऐकत होते. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाले, "बेन, एजंट होके इतना सच क्यूँ बोलती हो? फ्लॅट खुद को चाहिए क्या?"

माझ्या हातातल्या किल्ल्या खाली पडल्या. त्यांनीच त्या उचलून दिल्या, हसले, आणि दुसरं घर दाखवा म्हणाले. धंदेवाला माणूस तो, उडत्या पाखराची पिसं मोजणारा.

दुसरं जोडपं मराठीच निघालं आणि तिथे माझं सत्य माझ्यावरच उलटलं. नवरा एका ऑफिसात अकाउंटंट होता, मूळ ठाण्याचा. दोघं एका फ्लॅटमध्ये दुसऱ्या कुटुंबाबरोबर वाटून राहत होते. मुलं अजून नव्हती. मी त्यांच्यापुढे लिफ्टपासून झुरळांपर्यंत सगळं वाचलं.

"लिफ्ट बंद असली तर बरंच की," नवरा म्हणाला. "जिन्याने व्यायाम होतो."

"शावरम्याचा धूर येतो हो, रोज."

"आम्ही शाकाहारी आहोत, पण वास आवडतो," बायको म्हणाली.

"एसी घोरतो."

"हेसुद्धा घोरतात. कळणारच नाही कोण ते."

माझाच धंदा ते माझ्यापेक्षा सरस करत होते. मी हिरमुसले, तर त्या बाईने माझे दोन्ही हात धरले. "ताई, तुमच्यासारखी प्रामाणिक एजंट आम्ही आजवर बघितली नाही. आता घर घेऊ तर तुमच्याकडूनच आणि हेच." दोघं आपसात कुजबुजले. शुक्रवारी एकदा उजेडात शेवटचं बघायचं आणि शनिवारी ऑफिस उघडताना चेक घेऊन हजर, असं ठरलं. जाताना त्याने दाराशी आवाज खाली आणला. काय विचारणार ते मला माहीत होतं.

घरी येऊन मी डोक्याला हात लावून बसले. नवऱ्याला नुसतं "घर बघायला चला" म्हटलं असतं तर तो शुक्रवारी हमखास पेपर तोंडावर घेऊन झोपला असता. म्हणून मी आमिष लावलं.

"एका फ्लॅटमध्ये स्टोअर आहे," मी भांडी लावता लावता सहज म्हटलं. "माळ्यासारखंच. दाराला कुलूपसुद्धा लागतं."

पेपर खाली आला. "किती खोल आहे?"

"ते तुम्हीच मोजा बाई. मला काय कळतंय."

शुक्रवारी दुपारची नमाज आटोपून रस्त्यावरची गर्दी पांगल्यावर आम्ही तिघं निघालो. नवऱ्याने कारखान्यातली मोजपट्टी घेतली होती, ती झपकन आत जाणारी. मुलीची शनिवारी गणिताची चाचणी होती, म्हणून तिने दप्तर घेतलं होतं. लिफ्ट चालू होती. मला तिचा रागच आला, कारण मी इतके दिवस तिची बदनामी करत होते.

नवऱ्याने हॉल बघितला नाही, स्वयंपाकघर बघितलं नाही. तडक स्टोअरमध्ये शिरला. आतून मोजपट्टीचा आवाज येत राहिला. बाहेर आला तेव्हा चेहरा पडलेला.

"चार बोटं कमी आहे. टीव्ही, व्हीसीआर, मिक्सर सगळं बसेल. फ्रिजचं बसत नाही."

"अहो, तो फ्रिज आपल्याकडे नाहीच आहे."

त्याने ते ऐकलंच नाही. तो लहान बेडरूमच्या दारात उभा होता आणि त्याचा चेहरा हळूहळू खुलत चालला होता. "इथे बसेल," तो म्हणाला. "फ्रिजचं त्या कोपऱ्यात उभं. टीव्हीचं त्याच्यावर. खिडकी आहे, म्हणजे दमट वासही लागणार नाही."

"आणि मुलगी?"

"हॉलमध्ये आहेच की सोफा-कम-बेड."

मग मात्र माझा तोल सुटला. मी म्हटलं, तुमच्या खोक्यांना खिडकी हवी आणि पोटच्या पोरीला नको? ती खोकी तुमच्याबरोबर सांगलीला येतील, पण ही तोवर मोठी होऊन कुठे गेलेली असेल ते तरी ठाऊक आहे का? आणखीही बरंच म्हटलं, त्यात त्याच्या आईचाही उल्लेख झाला. शुक्रवारच्या शांत दुपारी ते तिन्ही मजल्यांना ऐकू गेलं असणार. नवरा भिंत मोजत राहिला. भांडणात मोजपट्टी हातात असली की माणसाला वर बघावं लागत नाही.

मुलगी आमच्या मधून आत गेली. लहान खोलीत खिडकीखाली फरशीवर मांडी घालून बसली, दप्तर उघडलं आणि गणितं सोडवायला लागली.

"जरा सरक गं बाळा," बाप म्हणाला. "ती भिंत मोजायचीय."

ती सरकली. त्याने पट्टी फिरवली. "जरा इकडे."

ती पुन्हा सरकली. मग मान वर न करता म्हणाली, "पप्पा, आय ॲम ट्राइंग टु स्टडी."

तेवढ्यात बेल वाजली. मी दार उघडलं. दारात ठाण्याचं जोडपं. त्याच्या शर्टाच्या खिशातून चेकबुक डोकावत होतं. घर जवळजवळ आपलं झालंच अशा पावलांनी तो आत आला, हॉलमध्ये एकदा समाधानाने फिरला आणि सरळ लहान खोलीत शिरला. तिथे त्याला मोजपट्टी घेतलेला एक माणूस दिसला. त्याला वाटलं मालकाचा सुतार असावा.

"वा, मोजताय का? बरं झालं," तो माझ्या नवऱ्याला म्हणाला. "ही खोली आमच्या खोक्यांना एकदम मस्त आहे बघा. फ्रिजचं त्या कोपऱ्यात उभं. टीव्हीचं त्याच्यावर. खिडकी आहे, म्हणजे दमट वास लागणार नाही." मग त्याची नजर खाली गेली. "ही मुलगी जरा बाजूला झाली ना, की ती भिंतही मोजून घ्या."

नवऱ्याच्या हातातली मोजपट्टी झपकन आत गेली. तो त्या माणसाकडे बघत राहिला. त्याचंच वाक्य, त्याच्याच शब्दांत, एक परका माणूस त्याच्या पोरीच्या डोक्यावरून बोलत होता. तो खाली तिच्याकडे बघायला लागला. ती सरकायच्या तयारीत वही छातीशी धरून अर्धी उठली होती. सवयच झाली होती तिला, कुणीही म्हटलं की उठायची.

"बस तू," तो तिला म्हणाला. मग त्या माणसाकडे वळून, आवाज जरा चढवून, "अहो, खोक्यांची कसली? ही माझ्या मुलीची खोली आहे. ती अभ्यास करतेय. तुम्ही बाहेर या बघू."

"तुमच्या मुलीची? म्हणजे?"

"म्हणजे फ्लॅट गेलाय," नवरा म्हणाला आणि त्याने खोलीचं दार बाहेरून हलकेच ओढून घेतलं.

मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडला. मला रडू येत होतं, आणि एजंटने गिऱ्हाइकासमोर रडू नये.

शनिवारी पहिला चेक आमचा होता. ठाण्याच्या जोडप्याला मी दोन दिवसांत मागच्याच इमारतीत एक बेडरूमचा फ्लॅट मिळवून दिला. काळोखा होता. मी म्हटलं, "उन्हाळ्यात थंड राहतो." तर ती बाई खट्टू होऊन म्हणाली, "ताई, तुम्ही आता पहिल्यासारख्या राहिला नाहीत." पण घेतला त्यांनी. स्टोअर मोठं होतं.

सामान हलवायला एक पठाण पिकअप घेऊन आला. त्याने फ्रिजच्या खोक्याला मिठी मारली, छाती भरून श्वास घेतला, 'या अल्ला' म्हणून जोर लावला आणि रिकामं खोकं घेऊन तोल जाऊन मागे आमच्या सोफ्यावरच बसला.

"साब, इसमें क्या है?"

"कुछ नहीं," नवरा म्हणाला.

"तो ये कहाँ जाएगा?"

"ऊपर. संभाल के."

पठाणाने माझ्याकडे बघितलं. मी यल्ला, यल्ला म्हटलं, म्हणजे चल, उचल. फ्रिजचं खोकं शेवटी मोडून आडवं करून सोफ्यामागे गेलं, बाकीची स्टोअरमध्ये. मुलगी नव्या घरात आली, तिने सगळ्यांत आधी आपल्या खोलीचं दार लावून घेतलं आणि जेवायला हाक मारेपर्यंत उघडलं नाही. बाप दोनदा दारापर्यंत जाऊन परत आला. तिसऱ्यांदा त्याने दार वाजवलं. स्वतःच्या घरातलं दार वाजवताना तो चांगलाच अवघडला होता.

त्या खोलीत ती वाढली. भिंतीवर कुणाकुणाची चित्रं लागली, टेपवर गाणी वाजली, दार आपटणंही भरपूर झालं. 'दोन वर्षं' चालूच होती. मग बारावी झाली आणि ती पुढे शिकायला पुण्याला गेली.

तोवर दुबईत परदेशी माणसाला घर विकत घ्यायची मुभा मिळाली होती. मी आता भाड्याची घरं सोडून नसलेली घरं विकत होते. इंटरनॅशनल सिटी म्हणतात तिथे तेव्हा नुसती रेती होती. मी चपलांत रेती घेऊन उभी राहायचे आणि बोट दाखवून सांगायचे, "ही तुमची बाल्कनी. इथे पापड वाळतील." लोक हवेकडे बघून विचारायचे, "स्टोअर कुठे?" मी हवेतच थोडं पुढे बोट दाखवायचे.

मुलगी गेल्यावर मी नवऱ्याला चिडवायला म्हटलं, "घ्या, खोली रिकामी झाली. तुमची खोकी आणा आता खिडकीशी." तो हसला नाही. दर शुक्रवारी त्या खोलीत जाऊन टेबल पुसायचा, खिडकी उघडून थोडा वेळ बसायचा आणि दार ओढून घ्यायचा.

एका संध्याकाळी तिचा फोन आला. त्याने उचलला. बोलणं थोडंच झालं. फोन ठेवून तो तिथेच बसून राहिला.

"काय म्हणाली?"

"डिसेंबरात सुट्टी आहे. म्हणाली, पप्पा, आय ॲम कमिंग होम. माझ्या खोलीत खोकी तर नाही ना ठेवली?"

"मग?"

"पुण्याहून सांगली केवढीशी लांब," तो म्हणाला. "ती घरी म्हणून इकडे यायला निघालीय."

मी त्याच्याशेजारी बसले.

पुढच्या शुक्रवारी सकाळी त्याने स्टोअर उघडलं आणि एकेक खोकं खाली नेऊन कचऱ्याच्या पेटीशी ठेवायला सुरुवात केली. टीव्ही, दुसरा टीव्ही, व्हीसीआर, मिक्सर. शेवटी सोफ्यामागचं, घड्या घातलेलं फ्रिजचं. मी मदतीला मागोमाग उतरले. तिथे पहिल्या मजल्यावरचं नवं मराठी जोडपं उभं होतं. त्यांना ते घर मीच लावून दिलं होतं, एक बेडरूमचं. तो त्या ढिगाकडे अधाशासारखा बघत होता.

"काका, ही टाकताय? आम्ही घेऊ का? म्हणजे, आम्हाला दोनच वर्षं राहायचंय, मग परतच जायचंय."

नवऱ्याने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. मला वाटलं आता काहीतरी उपदेश करणार. पण त्याने फक्त टीव्हीचं खोकं उचलून त्याच्या हातात दिलं. "थर्माकोल आत आहे," तो म्हणाला. "पुडीसुद्धा आहे."

तो मुलगा आनंदाने जिना चढायला लागला. त्याची बायको मागे राहिली होती, एक हात कमरेवर ठेवून. सातवा महिना असावा. मी पर्समधून माझं कार्ड काढलं आणि तिच्या हातात दिलं.

"ठेव जवळ," मी तिला म्हटलं. "दोन बेडरूमचं लागेल तेव्हा ये."